प्रशिक्षणाचा निकाल पंचनाम्यात वाचा

‘विषय चांगला समजला. व्याख्याते अभ्यासू होते. चहा-नाश्ता उत्तम. असे कार्यक्रम वारंवार व्हावेत.’ शिबिराच्या शेवटी भरून घेतलेल्या अभिप्रायांच्या गठ्ठ्यात यापेक्षा वेगळं वाक्य सापडलं की मी तो कागद बाजूला काढून ठेवतो. एकदा अशाच एका कागदावर ‘मागच्या रांगेत काही ऐकू आलं नाही’ एवढंच लिहिलेलं होतं. त्या अख्ख्या गठ्ठ्यात कामाची माहिती तेवढीच होती.

मानवी तस्करीचे गुन्हे हाताळणारे पोलीस अधिकारी आणि सरकारी वकील यांच्यासाठी छत्रपती संभाजीनगरात प्रशिक्षण घ्यायचं, तर कशाचीच वानवा नाही. वाल्मी या संस्थेचा परिसर आहे, महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, उच्च न्यायालयाचं खंडपीठ असल्यामुळे बोलायला अनुभवी वकील आहेत. शिबिरं होतात, फोटो छापून येतात. अडतं ते नंतर. या दोन दिवसांमुळे ठाण्यातल्या आणि कोर्टातल्या कामात काय बदललं, असं कुणी विचारलं तर आपल्याकडे दाखवायला हजेरीपट असतो आणि हे अभिप्राय. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, अभियोग संचालनालय, पोलिसांची प्रशिक्षण शाखा किंवा एखादी सामाजिक संस्था, यांपैकी कुठेही बसून तुमच्यावर हे उत्तर देण्याची वेळ येणार असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. केंद्रीय गृह मंत्रालय आणि संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालय यांनी २००६ मध्ये तस्करीविरोधी प्रशिक्षणाचा जो प्रकल्प सुरू केला, त्याच्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. पुढे अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष आले. म्हणजे सुमारे वीस वर्षं आपण शिकवतो आहोत. या वीस वर्षांत किती जण बसले हे सांगता येतं. बसून उठल्यावर काय झालं ते सांगताना आवाज बारीक होतो.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकी प्राध्यापकानं १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजण्याच्या चार पायऱ्या मांडल्या. शिकणाऱ्याला कसं वाटलं, तो काय शिकला, कामावर गेल्यावर वागणं बदललं का, आणि त्यातून शेवटी हाती काय आलं. आपला गठ्ठा पहिल्या पायरीवर बसलेला असतो. दुसरीसाठी फार तर वीस प्रश्नांची चाचणी घेतली जाते. तिसऱ्या पायरीपर्यंत कुणी चढत नाही, कारण तिथं जायला सभागृह सोडून मुद्देमाल खोलीत आणि कोर्टाच्या रेकॉर्डमध्ये जावं लागतं.

मलाही ते उशिरा कळलं. एका शिबिरात छापा कसा घालावा यावर मी दीड तास बोललो. गुण भरघोस मिळाले. काही महिन्यांनी समोर बसलेल्यांपैकीच एका अधिकाऱ्यानं घातलेल्या छाप्याचा पंचनामा वाचायला मिळाला. दोन पंच, दोघेही पुरुष, दोघेही शेजारच्या हॉटेलातले वेटर. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचं, म्हणजे आपल्या ‘पीटा’चं, कलम १५ वॉरंटशिवाय झडती घेताना दोन प्रतिष्ठित रहिवासी पंच मागतं आणि त्यांतली किमान एक व्यक्ती महिला असावी असं सांगतं. ती त्या परिसरातलीच हवी असंही बंधन नाही. दोन महिला पोलीस सोबत लागतात. हे सगळं मी त्या दिवशी सांगितलं होतं, पडद्यावर दाखवलंही होतं. अधिकाऱ्याला विचारलं तर तो प्रांजळपणे म्हणाला, “सर, ते आठवत होतं. पण रात्री साडेअकराला बाई पंच कुठून आणायची, हे तुम्ही कुठं सांगितलं?” त्याचं बरोबर होतं. मी कलम शिकवलं होतं. बाई पंच मिळवण्याची तजवीज शिकवली नव्हती. गंमत म्हणजे त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये विशेष पोलीस अधिकाऱ्याच्या मदतीला समाजकार्यातल्या बिगरसरकारी मंडळींचं, शक्यतो महिलांसह, सल्लागार मंडळ नेमण्याची सोय आहे. ते मंडळ आपल्या हद्दीत आहे का आणि त्यांचे फोन नंबर ठाणे अंमलदाराच्या टेबलावर आहेत का, एवढं तपासलं असतं तरी माझ्या दीड तासाची किंमत कळली असती.

तेव्हा मूल्यमापनाची सुरुवात शिबिराच्या आधी होते. वक्ते ठरवण्यापूर्वी निकाल लागलेल्या खटल्यांच्या वीस-पंचवीस फायली काढा. निर्दोष सुटलेले आधी वाचा. निकालपत्रात न्यायाधीशांनी कारण लिहिलेलं असतं; ते एका वहीत उतरवा. पंच फितूर झाले. डमी ग्राहकाला दिलेल्या नोटांचे नंबर पूर्वपंचनाम्यात एक आणि जप्तीत दुसरे. पीडित मुलगी गावी गेली, समन्स परत आलं. वयाचा पुरावा नाही. तपास करणारा अधिकारी अधिसूचित विशेष पोलीस अधिकारी होता हे दाखवणारा कागदच जोडलेला नाही. या शेवटच्या मुद्द्यावर दिल्ली प्रशासन विरुद्ध राम सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं साठच्या दशकाच्या तोंडावरच सांगून ठेवलं आहे की या कायद्याखालचा तपास विशेष पोलीस अधिकाऱ्यानंच करायचा. बचाव पक्षाच्या वकिलाला तो निकाल पाठ असतो. आपल्या बाजूला तो किती जणांना माहीत आहे, हे फायली सांगतात.

ही वही म्हणजे तुमची आधीची मोजणी. शिबिरानंतर याच कारणांची संख्या किती उतरली ते बघायचं आहे. आणि शिबिरात काय शिकवायचं हेही तीच ठरवते. पंचवीसपैकी बारा फायलींत वयाचा घोळ निघाला, तर आंतरराष्ट्रीय करारांच्या इतिहासाचं सत्र कमी करून बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ ला दोन तास द्या. आधी शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा दाखला, तो नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, हा क्रम आपल्याकडे सर्रास उलटा होतो. मुलगी सापडली की आधी घाटी रुग्णालयात नेतात.

आता चाचणीबद्दल. ‘भारतीय न्याय संहितेत तस्करीचं कलम कोणतं?’ हा प्रश्न विचारू नका. १४३ हा आकडा फोनमध्ये सापडतो. अर्धवट हकीकत द्या आणि पुढे काय कराल ते लिहायला सांगा. आपल्या भागातली हकीकत द्या. परराज्यातल्या कुंटणखान्याची गोष्ट ऐकून मराठवाड्यातला अधिकारी मान डोलावतो, पण त्याच्या ठाण्यात जे येतं ते वेगळं असतं.

उदाहरणार्थ हे घ्या. कन्नड तालुक्यातलं एक जोडपं, म्हणजे ऊसतोडीच्या भाषेत एक कोयता, मुकादमाची उचल घेऊन कर्नाटकातल्या कारखान्यावर गेलं. हंगामाच्या मध्यात मूल आजारी पडलं म्हणून दोघं परत आले. मुकादम माणसं घेऊन दारात आला आणि ‘फिटेपर्यंत राहू दे’ म्हणून बाईच्या सोळा वर्षांच्या भावाला गाडीत घालून घेऊन गेला. त्या मुलाचा बाप ठाण्यात येतो आणि पहिलंच वाक्य बोलतो, “साहेब, उचल घेतली होती हे खरं आहे.” आता काय लिहाल?

शंभरातले बहुतेक लिहितील, ‘पैशाच्या देवाणघेवाणीचा वाद’, आणि अदखलपात्र नोंद करतील. बापाचं पहिलं वाक्य त्यांना आरोपीचा बचाव वाटतं. खरं तर तोच फिर्यादीचा पाया आहे. वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा १९७६ चा. त्याच्या कलम १५ प्रमाणे हे कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर, म्हणजे इथं मुकादमावर येतो. उत्तर तपासताना मी असे गुण देतो: मुलाच्या वयाचा कागद मागितला का, अपहरणाचं कलम सुचलं का, १४३ मधले ‘शोषण’ आणि ‘बळजबरी’ हे दोन्ही घटक हकीकतीतून दाखवले का, उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना आणि बाल कल्याण समितीला कधी कळवलं, मुकादमाचा फोन आणि उचलीची वही ताब्यात घेण्याचं आठवलं का. सगळ्यात जास्त गुण शेवटच्याला. हीच हकीकत शिबिराआधी द्या, आणि शिबिरानंतर नावं-गावं बदलून वेगळी द्या. सरकारी वकिलांना तीच जरा पुढे नेऊन द्या: मुकादमाचा जामीन अर्ज आला आहे, त्यात ‘दिवाणी स्वरूपाचा वाद’ असं म्हटलं आहे, दोन परिच्छेदांत म्हणणं सादर करा.

दुसरी हकीकत शहरातली असू द्या. स्पाच्या नावाखाली चाललेल्या जागेवर छापा पडला. एक बाई तिशीची, ती म्हणते मी माझ्या मर्जीनं आहे. दुसरी स्वतःला एकोणीसची सांगते, दिसते लहान. इथं दोन गोष्टी एकाच वेळी डोक्यात धराव्या लागतात आणि भल्याभल्यांची गल्लत होते. कलम १४३ खाली तस्करी ठरवताना पीडिताची संमती गौण आहे. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयानं बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणात १९ मे २०२२ रोजी दिलेल्या आदेशात पोलिसांना देहविक्री करणाऱ्या स्त्रियांशी सन्मानानं वागायला, मर्जीविरुद्ध सुधारगृहात ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांच्या सुटकेचा विचार करायला आणि निरोध हा गुन्ह्याचा पुरावा न मानायला सांगितलं आहे. मुंबई उच्च न्यायालयानंही सप्टेंबर २०२० मध्ये सुधारगृहात ठेवलेल्या तीन सज्ञान स्त्रियांना त्यांच्या इच्छेप्रमाणे जाऊ दिलं. पहिलीचं म्हणणं नीट ऐकून घेणारा आणि दुसरीच्या वयाचा कागद शोधणारा अधिकारी पास. दोघींना एकाच गाडीत घालून एकाच ‘सुटका’ आकड्यात मोजणारा नापास, त्याची चाचणीतली कलमं बरोबर असली तरी.

सर्वोच्च न्यायालयाच्या या आदेशामुळे मूल्यमापनाला एक साधी खूण मिळाली आहे. छाप्याच्या पंचनाम्यांत ‘निरोधची पाकिटे’ हा जप्त मुद्देमाल अजून लिहिला जातो का? शिबिराआधीचे दहा आणि नंतरचे दहा पंचनामे काढा आणि मोजा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि सभागृहातली गोष्ट रस्त्यावर पोचली का याचं उत्तर त्यात मिळतं.

शिबिरानंतर तीन महिन्यांनी आणि पुन्हा वर्षानं फायली वाचायला बसा. काय बघायचं ते तुमच्या वहीवर अवलंबून आहे, पण काही गोष्टी मी कधीच सोडत नाही. फिर्यादीत नुसता पीटा लावला आहे की १४३ चा विचार झाला आहे. साखळीचं दुसरं टोक, म्हणजे आणणारा, गाडीवाला, जागामालक, यांच्यापर्यंत तपास गेला की दारातल्या मॅनेजरवर थांबला. पीडित बंगाली किंवा नेपाळी बोलणारी असताना जबाब सफाईदार पोलिसी मराठीत ‘सदर इसमाने’ असा लिहिला असेल, तर दुभाषी होता का. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडतीचं चित्रीकरण झालं का, आणि ते साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह कोर्टात पोचलं का. चित्रीकरण असतं, प्रमाणपत्र नसतं, हा नवा रोग आहे. दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब किती दिवसांनी नोंदवला. मुलीला आई-वडिलांच्या ताब्यात देण्याआधी पीटाच्या कलम १७-अ ची चौकशी झाली का, कारण पाठवणारे कधी कधी घरचेच असतात.

सरकारी वकिलांचं काम वेगळं मोजावं लागतं. त्यांच्या हातात फाईल येते तेव्हा बऱ्याच चुका होऊन गेलेल्या असतात, त्यामुळे निकालावरून त्यांना गुण देणं अन्यायाचं आहे. त्यांच्या बाबतीत मी बघतो ते हे: दोषारोपपत्र दाखल होण्याआधी तपास अधिकाऱ्याशी एकदा तरी बोलणं झालं का, बोलणं झाल्याची टिपणी आहे का. साक्षीदार संरक्षणाचा अर्ज दिला का. पीडित गावी गेली असेल तर व्हिडिओवरून साक्ष घेण्याची मागणी केली का; सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रफुल्ल देसाई या प्रकरणात २००३ मध्येच ती वाट मोकळी केली आहे, आणि ती वाट न धरता ‘साक्षीदार मिळून येत नाही’ हा शेरा वर्षानुवर्षं पडतो आहे. नुकसानभरपाईसाठी विधी सेवा प्राधिकरणाकडे प्रकरण गेलं का. आणि उलटतपासणीत बचाव पक्ष मुलीच्या चारित्र्यावर घसरला तेव्हा सरकारी वकील उठून उभा राहिला का. हे शेवटचं कागदावर मिळत नाही. त्यासाठी कोर्टात जाऊन बसावं लागतं. विधी विद्यापीठातल्या किंवा शहरातल्या विधी महाविद्यालयांतल्या मुलांना न्यायालयाची परवानगी घेऊन हे काम देता येईल. अर्थात सुनावणी इन-कॅमेरा असेल तर दाराबाहेरच.

‘शिबिरानंतर किती जणांची सुटका झाली?’ हा आकडा मागण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरा. आपल्या राज्यातलंच उदाहरण आहे. ३० मे २०२३ रोजी दानापूर–पुणे एक्सप्रेसमधून भुसावळ आणि मनमाडला ५९ मुलं उतरवण्यात आली. बिहारची मुलं, सांगलीच्या मदरशांत शिकायला निघालेली. सोबतच्या पाच जणांवर तस्करीचा गुन्हा दाखल झाला, त्यांना तुरुंगात राहावं लागलं, मुलं बालगृहांत गेली. तपासात तस्करी आढळली नाही. गैरसमजातून गुन्हा नोंदवला गेला असं म्हणत पोलिसांनीच २०२४ मध्ये ही प्रकरणं बंद करण्याचे अहवाल दिले. २०२३ च्या एखाद्या मूल्यमापन तक्त्यात ‘सुटका केलेली बालके’ या रकान्यात ही ५९ मुलं झळकली असती, आणि प्रशिक्षण यशस्वी ठरलं असतं. म्हणून तक्त्यात एक रकाना उलटा हवा: तस्करी नसताना तस्करी म्हणून नोंदवलेली प्रकरणं. गाडीत घोळक्यानं चाललेली मुलं दिसली की संशय घेणं हे कामच आहे. पुढच्या काही तासांत पालकांना फोन लावून, कागद मागून, बाल कल्याण समितीपुढे नेऊन तो संशय तपासणं हे प्रशिक्षण. मोजायचं ते दुसरं.

दोषसिद्धीच्या टक्क्यांबाबतही तेच. खटले वर्षानुवर्षं चालतात, जिल्ह्यात निकाल लागणारी प्रकरणं मोजकी, त्यात एक-दोन इकडचे तिकडे झाले की टक्का उडी मारतो. तुलना करायचीच असेल तर एक सोय आपल्याकडे आहे. शहराचं पोलीस आयुक्तालय वेगळं आणि ग्रामीण पोलीस अधीक्षक कार्यालय वेगळं. दोघांचं शिबिर एकाच दिवशी उरकू नका. एका तुकडीला आता, दुसरीला सहा महिन्यांनी शिकवा, आणि मधल्या काळातले दोन्हीकडचे पंचनामे शेजारी शेजारी ठेवा. शहर आणि ग्रामीण सारखे नाहीत, हे धरूनही काहीतरी हाती लागतं.

पीडितांना विचारायचं की नाही, यावर माझं मत आहे की विचारायचं, पण ओळखीच्या समाजसेविकेमार्फत, त्यांची तयारी असेल तरच, आणि घडलेल्या प्रकाराबद्दल एकही प्रश्न न विचारता. ‘तुमची हकीकत किती जणांना सांगावी लागली?’ ‘पुढे काय होणार हे कुणी समजावलं का?’ ‘तुमचा फोन, पैसे, सामान परत मिळालं का?’ तीन प्रश्न पुरे. पहिल्याचं उत्तर सहा-सात असं आलं तर तुमच्या शिबिरातलं संवेदनशीलतेचं सत्र हवेत विरलं आहे. नाव, गाव, फोटो कुठंही येता कामा नये. फायली वाचणाऱ्यांनीही नावावर पट्टी लावूनच टिपणं काढायची. पीडितांची ओळख उघड करणं हा अनेक कायद्यांखाली गुन्हा आहे, आणि मूल्यमापन करणाऱ्याला त्यातून सूट नाही.

बदल्यांचं काय करायचं ते मला आजही नीट सुचलेलं नाही. शिकवलेला अधिकारी वर्षभरात वाहतूक शाखेत दिसतो. निदान मोजा तरी: शिबिराला बसलेल्यांपैकी वर्षानंतर किती जण याच कामावर आहेत. आकडा निम्म्याच्या खाली असेल तर पुढच्या वेळी अधिकाऱ्यांच्या जोडीला ठाणे अंमलदार, मुद्देमाल कारकून आणि कोर्ट पैरवी करणारे हवालदार यांना बसवा. ते टिकतात. समन्स कुठल्या पत्त्यावर गेलं आणि नोटांची पाकिटं कुठल्या कपाटात आहेत हे त्यांनाच माहीत असतं, आणि शिबिराचं निमंत्रण त्यांना कधीच जात नाही.

ज्यानं शिकवलं त्यानं मोजू नये, हे वेगळं सांगायला नको. माझ्या सत्राचं मूल्यमापन माझ्याकडे दिलं तर मी बाई पंच विसरणारच.

पुढच्या शिबिराची पत्रिका छापायला टाकण्याआधी अदालत रोडच्या जिल्हा न्यायालयात जा, रेकॉर्ड विभागात अर्ज करा आणि गेल्या पाच वर्षांतले पीटाचे निकाल वाचायला मागा. वही सोबत न्या.